उंबऱ्याखालची रेघ

अनय, रेवा,

शनिवारी सकाळी साडेसहाच्या एसटीनं वाई सोडली. गळ्यात तुमच्या आईनं पाठवलेला कॅमेरा, पिशवीत वही, दोन पेनं आणि पाण्याची बाटली. जुन्या इमारतींचे फोटो काढायचा माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक फोटोचा क्रमांक, गाव आणि वेळ मी वहीत लिहिते. साताऱ्यात तासभर थांबायचं आणि मग सांगलीला जायचं, असा बेत होता.

साताऱ्यात पहिल्याच घरापाशी अडले. लाकडी गॅलरीचं सुरेख दुमजली घर होतं. समोरच्या ओट्यावरून ताठ मिशांचे एक गृहस्थ उतरले. आपण निवृत्त सुभेदार आहोत, हे त्यांनीच आधी सांगितलं.

"कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"कुणी नाही. मला घरं आवडतात."

"आवडतात तर बांधा की. फोटो कशाला?"

मग ओळखपत्र मागितलं. मी एसटीचं ज्येष्ठ नागरिक कार्ड पुढे केलं. त्यांनी कार्डावरचा फोटो आणि माझा चेहरा तीनदा ताडून पाहिला. "कार्डावर जास्त संशयास्पद दिसताय," म्हणाले. हसले मात्र नाहीत. मी गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत तिथंच उभे होते.

राग आला. पण खरं सांगायचं तर मीही काही कमी नाही. सांगलीच्या गाडीत शेजारच्या बाईंनी कॅमेरा केवढ्याचा म्हणून विचारलं, तशी मी पिशवी मांडीवर ओढली, ती कराड मागे पडलं तरी खाली ठेवली नाही. त्यांनी भडंग (लसूण-तिखट लावलेले कुरमुरे) पुढे केलं. त्या स्वतः दोन घास खातात का ते पाहिलं आणि मगच घेतलं. फार चविष्ट होतं.

सांगलीत नदीकडच्या पेठेत एकमेकांना भिंत लावून उभी असलेली तीन घरं सापडली. तिन्हींचे ओटे एका उंचीचे, दारांवर चुन्यात काढलेले मोर. आणि तिन्ही भिंतींवर पाणरेघ (पूर कुठवर चढला ते लक्षात राहावं म्हणून रंगानं ओढलेली रेघ). पहिल्या दोन घरांवर ती खिडकीला लागून होती, रंग उडालेली. तिसऱ्या घरावर मात्र उंबऱ्याच्याही खाली, आणि रंग अगदी ताजा. वरची भिंतही नुकतीच पांढरी केलेली. म्हणजे पुराचं पाणी या एकाच घरात शिरलं नव्हतं! मी जन्मभर भूगोल शिकवला आहे; एका उंचीच्या ओट्यांवर पाणी असं वेगवेगळं चढत नाही. तीन फोटो काढले, क्रमांक सतरा, अठरा आणि एकोणीस.

तिसऱ्या घरातून पन्नाशीच्या एक बाई बाहेर आल्या. हातात कांदा चिरायची सुरी.

"आवं आजी, फोटू कशाचा काढताय? सरकारी हाय का तुमी, का बिल्डरच्या?"

"दोन्ही नाही. पण ही रेघ एवढी खाली कशी? शेजारी तर खिडकीपर्यंत पाणी आलेलं दिसतंय."

त्यांनी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. "हळू बोला की वो!" म्हणत मला हाताला धरून आतच नेलं. सुरी अजून हातात होती. मी कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला.

आत कढईत पोहे तयार होते, वर घालायचा कांदा तेवढा चिरायचा होता. बाई दाराआड उभ्या राहून भराभर बोलल्या. "माज्या पोराचं लगीन ठरतंय. ह्याच्याआदी दोन ठिकानी मोडलं. पानी शिरतंय त्या घरात पोरगी देत न्हाई म्हनत्यात. आज कुंडल गावची पोरीकडची मान्सं घर बघाय येनार हायत. परवा मीच रेघ खाली केली. तेवढा फोटू पुसून टाका, पाया पडते."

पुसते असं मी म्हणाले नाही, आणि पुसत नाही असंही नाही. तेवढ्यात दारात जीप थांबली.

मुलीचे वडील आधी आत आले. उंच, रापलेले, उसाचे शेतकरी. त्यांची नजर थेट माझ्यावर.

"ह्या कोन?"

"पाव्हन्या हायत," बाई घाईनं म्हणाल्या.

"पाव्हन्या, आन् गळ्यात क्यामेरा? घर इकायला काढलंय का काय? दावा बरं आजी, काय काढलंय."

बाई पोह्यांची बशी घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे अशा बघत होत्या की मला त्यांच्याकडे बघवेना. वर्गात मी कधी चुकीचा नकाशा फळ्यावर राहू दिला नाही. मी सतरा, अठरा आणि एकोणीस ओळीनं दाखवले.

ते फोटो पाहून बाहेर गेले. तिन्ही घरांसमोर उभे राहिले. जन्म उसाला पाणी देण्यात गेलेला माणूस तो.

"पानी तुमच्याच दारात येऊन वाकलं व्हय?"

आतून बाईंचा मुलगा पुढे आला. "काका, पानी खिडकीपतुर हुतं. तीन दिस आमी माळ्यावर (छताखालच्या साठवणीच्या जागेत) काढलं. आईनं माज्यापायी केलंय. बोलायचं ते मला बोला."

"रंग कुठाय?"

मुलानं डबा आणला. त्यांनी सुतळी मागितली, एक टोक शेजारच्या रेघेवर अंगठ्यानं दाबलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. "धर. ढिली सोडू नगंस." दोघांनी मिळून खिडकीला लागून नवी रेघ ओढली.

बाई दारात रडत होत्या. त्यांच्याकडे न बघताच ते म्हणाले, "पानी कुठवर येतंय ते आमच्या पोरीला ठावं पायजे. त्याबिगर धान्य कुठल्या फळीवर ठिवायचं ते तिला कसं कळंल?"

बाईंना ते समजायला क्षणभर लागलं. मग पदरानं तोंड पुसत आत पळाल्या. "पोहे गार झालं, दुसरं करते!" मला त्यांनी बशी दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी परतले. पिशवी वाईपर्यंत मांडीवरच होती. एका दिवसात माणूस बदलत नाही. त्या घरात मी फक्त खोटी रेघ पाहिली. मुलीच्या वडिलांनी तिच्यापलीकडचं आपल्या लेकीचं स्वयंपाकघर पाहिलं. मी नसते तर त्यांना कळलं असतं का, आणि मी दाखवलं ते बरोबर होतं का, याचा विचार अजून करते आहे.

वहीत एकोणिसाव्या फोटोपुढे मी "खोटी रेघ" असं लिहिलं होतं. ते खोडलेलं नाही. त्याखाली लिहिलं आहे: वीस. तेच घर. सुतळीचं एक टोक मुलीच्या वडिलांच्या हातात.