खाज आहे तोवर

माझ्या थोरल्या जावेच्या, भागाबाईच्या, कमरेला किल्ल्या नसत; नारळाच्या सोडणाचा तुकडा असे. बोलता बोलता तो काढून नडगी रक्त येईस्तोवर घासायची. दोन्ही पायांना जुनाट इसब. रत्नागिरीच्या बंदरावर तिच्याइतकी खमकी मासळी विकणारी नव्हती, पण गिऱ्हाईक तिचे पाय बघून पुढे सरकायचं. "पाय नाय इकत मी, बांगडे इकतंय!" असं ओरडायची आणि घरी येऊन रडायची.

मासा उष्ण, त्यानेच रक्त नासतं, असं वाडीने ठरवून टाकलं. तिने देवीला शब्द दिला, "खाज जाईल त्या दिवशीच मासा तोंडात घालीन." तेव्हापासून डोक्यावर मासळीची पाटी आणि घरात गूळ घातलेली पेज. गूळ रक्त शुद्ध करतो ना! अशी कित्येक वर्षं गेली. मी चिडायचे, पण तिचा हट्ट म्हणजे खेकड्याची पकड.

मग तहान सुरू झाली. कळशी पुरेना. परसात ती लघवीला बसे तिथे मुंग्या लागल्या. "बघ गो, मुंग्यांना तरी मी गोड लागतंय," ती हसली. मी मात्र त्याच दिवशी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

लघवी तपासून म्हातारे डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे. चिवट इसब आणि साखर एकाच अंगात नांदताना मी पुष्कळदा पाहिलीत. का, ते मलाही ठाऊक नाही. गूळ सोडा, भात कमी करा, मासे खा." मुंबईहून इन्शुलिन मागवून सुया दिल्या. साखर हटेना. "औषध जातंय, पण अंग दाद देत नाही," म्हणाले. निघताना मला बाजूला घेतलं. "खाज आहे तोवर पाय जिवंत आहेत. एकाएकी थांबली तर लगेच घेऊन या."

मासे खा म्हणून मी तिच्या पाया पडले. "शब्द मोडला तर पोरांना भोवंल गो." मग गूळ तरी सोड! "आनी खाऊ काय, माती?"

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. एका दुपारी तिची हाक आली, "खाज गेली गो! देवी पावली!" डॉक्टरांचे शब्द आठवून धावत गेले. सोडण चुलीत जळत होतं आणि ती बांगडे भाजून ताट घेऊन उभी होती. "वास बघ कसा सुटलाय!"

तो वास बांगड्यांचा नव्हता. चुलीतून घरंगळलेला निखारा तिच्या टाचेखाली होता, आणि ती हसत होती.

पाय चिघळला. सगळे उपाय थकले आणि दिवाळीआधी ती गेली. पण त्या दुपारी मी निखारा हळूच बाजूला सारला, तिला बसवलं आणि ताटात आणखी एक बांगडा वाढला.