नात मतदार नोंदणीला निघालीय आणि मी किल्ली लपवलीय

जय भीम सगळ्यांना. घाईत लिहितेय, टायपिंग सांभाळून घ्या.

मी इथे परदेशात नातीकडे असते; आज ती, संजना, मला तिच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, घेऊन गेली. तिथे एक दगड बसवलाय. पूर्वी तिथली पोरं बस करून लांबच्या गावांत गेली होती, इथल्या मूळच्या, गोरे यायच्या आधीपासूनच्या लोकांची नावं मतदार यादीत घालायला. त्यांचं स्मारक. फुलं, भाषणं, फोटो. मला तर कंटाळाच आला.

मग भाषण करणारी बाई म्हणाली, एका ट्रकवाल्याने त्यांची बस मुद्दाम रस्त्याखाली ढकलली होती.

संजना हसत म्हणते, "आजी, उद्या मीपण चाललेय, त्याच कामाला. पाच तास ड्राइव्ह, नो वरीज!"

मी विचारलं, "एकटी?"

"चिल आजी! आता कोण मारतंय?"

कोण मारतंय म्हणे! आमच्या गावी माझा मोठा भाऊ आपल्या वस्तीची नावं यादीत घालायला गेला होता. त्याला घोंगडीच्या झोळीत घालून घरी आणला. उजवा हात कायमचा गेला.

म्हणून घरी आल्या आल्या तिच्या गाडीची किल्ली मी तांदळाच्या डब्यात खुपसली. आता ती घरभर ओरडतेय, "आजी, हॅव यू सीन माय कीज?" मी इथे तुम्हाला लिहीत बसलेय.

पण खरं सांगू का? त्या दिवशी आमच्या आईनेही भावाच्या चपला लपवल्या होत्या. तो अनवाणी गेला.

तुम्ही काय केलं असतं? पटकन सांगा, ती किचनमध्ये आलीय.