वाफ्यातली आंघोळ

घुग्घुसला उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो, म्हणून आमचे शेजारी वांग्यांच्या वाफ्यात आंघोळ करतात. पंचा नेसून दगडावर बसतात आणि दगड रोज एक हात पुढे सरकवतात. साबण त्यांनी होळीलाच सोडलेला असतो. पहिला तांब्या पानांवरची कोळशाची धूळ धुवायला, उरलेली बादली स्वतःला.

एकदा मी विचारलं, "भाऊ, नुसतं पाणीच काऊन नाई घालत झाडाले?"

"नुसतं ओतलं त पाणी एकदाच कामाले येते, बाई."

मे महिन्यात मला आठ दिवस नागपूरला जावं लागलं. माझ्या लिंबाला पहिल्यांदाच लिंबं धरली होती. आठ दिवसांत त्याचं सरपण झालं असतं, म्हणून फाटकाची चाबी शेजाऱ्यांकडे दिली.

परतले तेव्हा लिंब हिरवागार होता. त्याच्या बुंध्याशी त्यांचा दगड होता आणि माझ्या दोरीवर त्यांचा पंचा वाळत होता.

"भाऊ, तुम्ही माह्या अंगणात आंघोळ केली?"

"मंग? लिंबाले का घरी बोलावू?"

मी भिंतीवरून पलीकडे पाहिलं. वांगी करपून काड्या झाली होती. कोपऱ्यातली दोन झाडं तेवढी तग धरून होती.

"अन् हे?"

"माणसाची आंघोळ त एकच होते ना, बाई," ते म्हणाले आणि दोरीवरचा पंचा काढायला गेले.

दुसऱ्या दिवशी नळ आला. पहिली बादली मी भिंतीवर ठेवली, शेजारी दगड ठेवला आणि सांगितलं, "आज तुमच्या घरी करा."