दोर जमा आहे

सकाळचे नऊ. गोंदिया जिल्ह्यात केशोरीजवळच्या एका गावातली अंगणवाडी. दाराशी चिखल, ओसरीवर पोरं आणि नागपूरहून आलेल्या अनुजा मॅडम.

मॅडम ऑटिझमवर, म्हणजे स्वमग्न मुलांवर, संशोधन करतात. अशा मुलांच्या घरच्यांच्या मनाचं काय होतं, तेही नोंदवतात. मी बातमीसाठी त्यांच्यामागे फिरतो. बातमी छापून येते आणि विसरली जाते. किस्से मात्र तलावातल्या गाळासारखे साचत राहतात. उपसायला कोणी येत नाही.

तर त्या सकाळी मॅडमनी एक बाहुली आणि एक कप पोरांपुढे ठेवला. मूल बाहुलीला चहा पाजतं का, हे बघायचं असतं. एका पोरीने बाहुलीकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती दाराशी उतरली आणि चिखलात काड्या ओळीने खोचत बसली. वस्तू सतत ओळीत लावणं हे एक लक्षण मानतात. मॅडम सावध झाल्या.

पोरीची आजी म्हणाली, "काय पाहून राहिल्या बाई? रोवणा करून राहिली ते."

रोवणा म्हणजे भाताची लावणी. भाताच्या गावातली पोर दुसरं काय खेळणार! मॅडमनी संशय मागे घेतला.

दुसरी पोरगी चिमी, पाच वर्षांची. तिने कप घेतला, पाणी भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. हाका मारूनही मान वळेना. तिच्याबाबत मात्र संशय पुढच्या प्रत्येक भेटीत पक्का होत गेला.

*

चिमीच्या घरी हे सांगायला गेलो. बाप गोंदियाला राइस मिलमध्ये. आई सुनंदा आणि आजोबा घरी. आजोबांनी मॅडमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बोलंल ना बाई. तिचा बापबी उशिराच बोलला. आता कुठं थांबते?"

सुनंदा हसली. मग चिमीकडे बघून तिचं हसू विझलं.

*

तपासणीसाठी सुनंदा तिला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मीही सोबत होतो. गर्दीच्या आवाजाने चिमीने कान दाबून जमिनीवर अंग टाकलं. बाकावरच्या बायकांनी सुनंदाचे संस्कार काढले. खिडकीतल्या माणसाने मान वर करून बघितलं. "बच्ची तो अच्छी-भली दिख रही है." तपासणारे डॉक्टर नव्हते. जागाच रिकामी होती. पुढच्या वेळीही रिकामीच.

परतताना सुनंदा मला म्हणाली, "चांगली दिसते, हेच तं चुकलं तिचं, भाऊ."

*

मॅडम आयांनाही प्रश्न विचारतात. हल्ली उदास वाटतं का?

"कधी वाटंल मॅडम? रोवण्याचे दिवस हायेत."

झोप लागते का?

"लागते. दोर माझ्या पायाले बांधून राहते ना. ते उठली का मले झटका बसते."

दोराचं दुसरं टोक चिमीच्या कमरेला. घरामागेच तलाव. चिमीला पाणी दिसलं की ती चालू लागते. खोली तिला कळत नाही. मॅडमनी लिहिणं थांबवलं.

*

अंगणवाडी दुपारी सुटते आणि रोवणा संध्याकाळपर्यंत चालतो. म्हणून सुनंदा चिमीला धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसाला बांधायची. दोर लांब, मऊ लुगड्याचा पीळ दिलेला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. आई की कसाई, असं लिहून तो फिरवला.

लगेच बालकल्याण कार्यालयाची गाडी आली. ज्या सरकारला डॉक्टर मिळत नव्हता, त्याला गाडी मिळाली. गाडीतून उतरलेल्या साहेबांनी बांधीत, भाताच्या खाचरात, उभ्या बायकांसमोर सुनंदाला बालहक्क समजावले. मॅडम मध्ये पडल्या. रोवणा होईपर्यंत दुपारी पोरीजवळ बसायला एक बाई द्या, एवढंच मागितलं. साहेब म्हणाले, योजनेत तशी तरतूद नाही. मी विचारलं, मग तलावाला कुंपण? ते दुसऱ्या खात्याकडे.

शिपायाने दोर गुंडाळला आणि गाडीत टाकला.

सुनंदा चिखलातून वर आली. "साहेब, दोर नेऊन राहिले तं तुमचा एक माणूस ठेवून जा."

साहेबांनी काच वर केली.

*

त्याच आठवड्यात भर दुपारी तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवरबाबाला पाण्यात एक डोकं दिसलं. चिमी गळ्याइतक्या पाण्यात उभी होती, तळहाताने पाणी थोपटत. पुढच्या पावलाला खोल होतं. बाबाने तिला खांद्यावर घेऊन धुऱ्यावर आणलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून सुनंदाला फोन आला. आईचं लक्ष का नव्हतं, याचा खुलासा द्यायला तिला बोलावलं होतं.

मी त्याच कार्यालयात गेलो. साहेबांना विचारलं, दोर नेल्यावर त्या पोरीजवळ कोण बसणार होतं? मॅडमनीही लेखी विचारलं आहे.

दोर तिथल्या कपाटात जमा आहे. रोवणा अजून चालू आहे. उत्तर आलेलं नाही.