टिटवीच्या वावरात मूठभर मीठ

मी एकदा माझ्या धडधाकट नवऱ्याच्या तोंडात मूठभर मीठ कोंबलं होतं. भर दुपारी, वावरात, त्याच्या छातीवर गुडघा देऊन. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. मीही हसते. त्या दिवशी मात्र मी रडले होते.

बीटीच्या कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं बियाणं घेताना सगळे सांगायचे. लागली. बोंड फोडावं तर आत गुलाबी किडा आणि काळा कापूस. त्या हिवाळ्यापासून आसपासच्या गावांतून बातम्या येऊ लागल्या. अमक्या घरच्या माणसानं औषध घेतलं. फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. बातमी आली की बाया आपापल्या नवऱ्याचं तोंड न्याहाळत बसायच्या. जेवला का, बोलला का, एकटा कुठं निघाला. अमडापूरच्या बाजारात माझ्या मोठ्या जाऊबाई कानाशी लागल्या, "पदराले मीठ बांधून ठेव वं. खारं पाणी पाजलं का सारं उलटून पडते."

मिठानं उलट घात होतो, हे पुढे दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं. पण तेव्हाची मी म्हणजे अकलेची खाण! त्या दिवसापासून पदराच्या टोकाला मिठाची गाठ. झोपतानासुद्धा. घामानं मीठ पाझरायचं, कमरेची आग व्हायची, पण गाठ काही सोडली नाही. रात्री जाग आली की आधी त्याचा श्वास ऐकायचा, मग कूस बदलायची.

नवी कपाशी वीतभर झाली आणि नवरा गप्प झाला. तसा तो बोलका कधीच नव्हता. पण आता अर्धी भाकर टाकून वावरात जायचा. मी सोबत निघाले की म्हणायचा, "तू कायले येतं? राह्य घरी." त्यात वावरावर टिटवी ओरडायला लागली. टिटवी ओरडली की कोणी तरी जाणार, ही अक्कल मी माहेरून बांधून आणली होती.

त्या दुपारी गोठ्यातल्या फळीवर औषधाची बाटली नव्हती. नवराही नव्हता. मी अनवाणीच पळत सुटले.

वावराच्या धुऱ्यावर, बांधावर पोचते तर टिटवी डोक्यावर. मी खालच्या अंगाला वळले की ती जरा निवायची, वरच्या बरड तुकड्याकडे वळले की पिसाळल्यासारखी अंगावर यायची. कोणीही म्हणेल, पाखरू अंडी राखतंय. माझ्या डोक्यानं निराळाच अर्थ लावला. जिथं ती जास्त ओरडते, तिथं तो पडलाय. म्हणून मी तिचं ओरडणं वाढेल त्या बाजूनं जात राहिले.

आणि तो दिसलाच. पालथा. टोपी एकीकडे, हाताशी बाटली. हालचाल नाही.

धावत जाऊन मी त्याला उताणा केला, छातीवर गुडघा ठेवला, दातांनी पदराची गाठ सोडली आणि सगळं मीठ त्याच्या तोंडात. वरून त्याच बाटलीतलं पाणी ओतलं. ती गोडेतेलाची जुनी बाटली आहे, तो रोज पाण्याला नेतो, हे बघायला डोळे कुठं ठिकाणावर होते! त्यानं डोळे वटारले आणि माझा घोटा करकचून धरला. मला वाटलं, गेला.

"ओका! आवो, ओका ना!"

तो थुंकला, खोकला, आणि ओरडला, "पाय! पाय पाह्य तुहा! खाली अंडे हायत, हालू नको!"

माझ्या टाचेला लागून खडे मांडलेला एक खळगा होता. त्यात मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. एकाला तडा गेलेला, आणि त्या फटीतून इवलीशी चोच आतून टोचत होती. तेच बघायला तो पालथा पडून जवळ सरकला होता. माझा घोटा त्यानं धरला होता तो पाय अंड्यांवर पडू नये म्हणून.

आम्ही दोघं रांगत मागे आलो, बाभळीखाली बसलो. टिटवी आली, इकडंतिकडं बघितलं आणि अंड्यांवर बसली. तो थुंकतच होता.

"औषधाची बाटली कुठी हाय?"

"बाजूच्या वावरवाल्याले देल्ली. पिल्लं निंघेपर्यंत मी अठी फवारत नाही."

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

"काय सांगू? मानूस पाखराचे अंडे राखून राह्यला, असं? तू गावभर हासत फिरली असती."

फिरले असते. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या वेळी हसू कुठलं? मी रडत रडत सगळं सांगितलं. जाऊबाईंचं, मिठाचं, रात्री त्याचा श्वास ऐकत पडण्याचं. तो टिटवीकडेच बघत होता. मग तोंड न वळवताच म्हणाला,

"मलेही भेव वाटते. तुह्यापेक्षा जास्त वाटते. अठी येऊन बसलो का थोडं कमी होते, म्हनून येतो. उद्यापासून तूही येत जाय. फक्त दूर बसजो."