बिनशेगडीची खोली

अक्काच्या मेसमध्ये सकाळी चाळीस जणं जेवतात आणि संध्याकाळी परत तेच चाळीस. लातूरला बाहेरगावची पोरं-पोरी क्लासला येतात, डॉक्टर व्हायला, आणि त्यांना कुणीतरी जेवू घालावं लागतं. माझी थोरली बहीण कित्येक वर्षं तेच करते. ही मेस वर्षातून फक्त दिवाळीला चार दिवस बंद असते. आमच्या घरचा सण दसऱ्यालाच होऊन जातो, धम्मदीक्षेच्या दिवशी, त्यामुळं दिवाळीचं आम्हाला तसं काही नाही. पण त्या चार दिवसांतही अक्का बसत नाही. पिंपं घासते, डाळींना ऊन देते, दाजींना शिडीवर चढवून भिंतीला चुना लावून घेते.

मी मस्कतला एसी दुरुस्त करतो. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळते. या खेपेला ती दिवाळीला धरून मिळाली, आणि माझ्या डोक्यात एकच बसलं: अक्काला तीन रात्री अशा ठिकाणी न्यायचं, जिथं तिला कुणी ‘आज भाजी कशाची?’ असं विचारणार नाही.

याला कारण आहे. नववीत मी शाळा सोडली आणि कंधारकडचं आमचं गाव सोडून अक्काकडं आलो. ती मला एका फ्रिज-एसीच्या मिस्त्रीकडं घेऊन गेली. मिस्त्री म्हणाला, ‘बाई, मला शिकवत बसायला वेळ नाही.’ दुसऱ्या दिवसापासून अक्कानं त्याला जेवणाचा डबा सुरू केला. वर्षभर, रोज. डबा न्यायला मीच असायचो, आणि रिकामा डबा परत मिळेपर्यंत मला दुकानात बसायला मिळायचं. तेवढ्या वेळात जे बघितलं, त्याच्यावर आज माझं पोट चाललंय.

मस्कतच्या आमच्या सुपरवायझरचे वडील नांदेडला असतात. रिटायर्ड इंजिनियर. मी त्यांना काका म्हणतो. ते एका हॉलिडे क्लबचे मेंबर आहेत. क्लबचा हिशेब असा, की मेंबर सुरुवातीला एकदाच मोठी रक्कम भरतो, मग पुढची बरीच वर्षं, दर वर्षी त्याच्या नावावर पॉइंट जमा होतात. त्या पॉइंटवर क्लबच्या कुठल्याही रिसॉर्टात खोली घ्यायची. मोठ्या खोलीला जास्त पॉइंट, सणाच्या दिवसांत आणखी जास्त. काकांचे गुडघे गेलेत, काकू प्रवासाचं नाव काढत नाहीत, आणि न वापरलेले पॉइंट वाया जातात. म्हणून ते भाड्यानं देतात. आपण काकांना भाडं द्यायचं, काका त्यांच्या पॉइंटवर आपल्या नावानं खोली घेऊन देतात.

दिवाळीला दोन महिने असताना मी मस्कतहून त्यांना फोन केला.

“कोकणात, अगदी समुद्राला लागून आहे बघा,” काका म्हणाले. “तिन्ही रात्री मोठी खोली मोकळी दिसते. बेडरूम, हॉल आणि छोटं किचन. शेगडी, भांडी, सगळं. माझे पॉइंट बरोबर तेवढेच आहेत. करू का बुक?”

“किचन नको, काका.”

“का हो? निदान चहा करता येतो.”

“त्याच्यासाठीच नको.”

शेगडी दिसली की अक्का तिच्यापुढं उभी राहणार, हे मला माहीत होतं. तिला समुद्राकाठी नेऊन पोहे करायला लावायचे नव्हते मला.

“मग छोटी खोली. पण ती तिन्ही रात्री भरलीय. वेटलिस्ट टाकावी लागेल.” काकांनी मला सावकाश सगळं समजावून सांगितलं. “हे रेल्वेसारखं नाही बरं का. रेल्वेत आपण कितवे ते कळतं, इथं नाही. कुणी खोली सोडली, की कॉम्प्युटर रांगेत पुढून बघत येतो. ज्याची मागणी त्या खोलीत पुरी बसते, त्याला देऊन टाकतो. विचारत नाही. दिली की पॉइंट कापले, मग नको म्हणायची सोय नाही. आणि मुक्कामाच्या सात दिवस आधीपर्यंत नाही लागली, तर मागणी आपोआप रद्द.”

“मग मोठी घेऊन ठेवा, आणि छोटीची वाट बघू.”

“अहो, पॉइंट एकदाच खर्च होतात. मोठी घेतली तर वाट बघायला हातात काय उरणार?”

मी वेटलिस्ट टाकायला सांगितलं. त्या रात्री झोपताना मी लई हुशार होतो. आठ दिवसांनी काकांचा मेसेज आला, की मोठी खोलीपण गेली.

तिथून माझ्या जिवाला चैन नाही. खोली लागली तर निरोप काकांच्या फोनवर येणार, मेंबर ते, मी नाही. म्हणजे मी ज्याची वाट बघतोय ते दुसऱ्याच्या खिशात वाजणार. मी रोज सकाळी फोन करायचो. काका म्हणायचे, “अहो, आला की मी कळवणारच आहे.” मी हो म्हणायचो, आणि दुसऱ्या दिवशी परत फोन.

सुट्टीवर आलो ते दिवाळीला तीन आठवडे असताना. गावात दोन दिवस टेकलो नाही तोवर काहीतरी काम काढून नांदेड गाठलं. काका दुपारचे झोपले होते. काकूंनी चहा दिला. मी भिंतीवरच्या एसीकडं बघत बसलो. आवाज जास्त करत होता, म्हणून स्टूल घेऊन जाळी काढली आणि धुऊन बसवली. काका उठले तेव्हा मी जाळीच बसवत होतो. त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला. आमच्या तीन रात्रींपुढं लिहिलं होतं, ‘प्रतीक्षेत’.

“तुम्ही इथं आल्यानं खोली लागत नाही हो,” काका हसत म्हणाले. “तुमच्या धंद्यात काय करता? गॅस भरल्यावर थांबताच ना थोडं?”

“थांबतो, काका. पण गेज लावून थांबतो. काटा दिसत असतो.”

मी निघताना काका म्हणाले, “रोज सकाळी स्क्रीनचा फोटो पाठवत जाईन.” आणि खरंच पाठवायला लागले. रोज तोच शब्द. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या माणसासाठी त्या म्हाताऱ्यानं रोज चष्मा लावून एवढं करावं, याचं मला फार वाटायचं. पण त्यानं धीर काही येईना.

मग लातूर. आईनं एक स्थळ बघून ठेवलं होतं, ते मी दोनदा पुढं ढकललं. मेसच्या ओट्याला टेकून मी फोन बघत होतो, तेव्हा अक्का परातीत कणीक मळत होती.

“पोरगी बघायला आलास का मोबाईल बघायला?” ती म्हणाली. “आल्यापास्नं बघून राहिले मी. त्याच्याशीच लगीन लाव.”

दाजी कांदे चिरत होते. “हुंडा घेत नाही तो,” ते म्हणाले. “नुसतं चार्जिंग मागतो.”

तोपर्यंत अक्काला एवढंच माहीत होतं, की चार दिवस कुठंतरी जायचंय. त्याच्यावर तिनं एकच प्रश्न विचारला होता, “तिथं सैपाक कोण करतंय?” आता ती ऐकायलाच तयार नाही म्हणल्यावर मी सगळं सांगितलं. क्लब, पॉइंट, तीन रात्री, रांग. शेगडीचं तेवढं गिळून टाकलं.

तिनं कणकेवर ओलं फडकं टाकलं.

“तीन राती एकदम मागितल्यास?”

“हाव.”

“एकाच जातीची खोली?”

“हाव.”

“मग कशी लागंल रे?” ती हात पुसत उठली आणि भिंतीवरच्या खिळ्याची वही काढून माझ्यापुढं टाकली. जूनमध्ये मेस भरली, की उरलेल्यांची नावं ती त्या वहीत लिहून ठेवते. “हे बघ. हे तिघं दोस्त. आम्ही तिघं मिळूनच येणार, दोन्ही टायमाला, म्हणून नावं लिहिली. पहिल्या दिवशी लिहिली, सगळ्यात वर. तीन ताटं एकदम कधी मोकळी होतेत का? एक पोरगं घरी पळतं, एक ताट निघतं. त्यांचा नंबर पहिला हाय, पर एका ताटात ते तिघं बसत न्हाईत. मग ही खालची पोरगी. म्हणाली, मावशी, नुसतं सकाळचं मिळालं तरी चालंल. आठव्या दिवशी जेवायला बसली. ते तिघं दिवाळी आली तरी वहीतच हायत.”

मी काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“बहीण बरोबर बोलते तुमची,” काका म्हणाले. “एकेका रात्रीची वेगळी मागणी टाकता येते, खोली कुठलीही चालेल असंही म्हणता येतं. पण जुनी मागणी काढली, की तिचा नंबर गेला. दोन महिन्यांची रांग सोडून पार शेवटी उभं राहावं लागेल. विचार करा.”

पहिल्या रात्रीला दहा दिवस राहिले होते, त्यातले सात तर उपयोगाचेच नाहीत. दोन महिने मी त्या रांगेला धरून होतो. ती सोडायची म्हणजे हातातला दोर सोडल्यासारखं वाटत होतं, दोराला काही बांधलेलं आहे का ते माहीत नसताना.

“असला नंबर घेऊन काय करायचाय?” अक्का फोनकडं तोंड करून म्हणाली. “काका, काढा तो. एकेक रात टाका. कसली बी खोली असू द्या.”

“मोठीसुद्धा टाकू ना? किचनवाली?”

माझी मान आपोआप हलली, नको म्हणून. अक्कानं ते बघितलं.

“का रं? किचनचं काय?”

आता सांगावंच लागलं. दाजी चिरायचे थांबले.

“मला काय येडी समजलास?” ती म्हणाली. “शेगडी दिसली की पेटवत सुटते व्हय मी? म्हणजे माझ्यापायी खोली सोडून दिलास, आन् माझ्यापायीच दोन महिने बेजार हायस?” मग फोनला म्हणाली, “टाका काका, किचनवाली बी टाका.” आणि परत कणकेपाशी जाऊन बसली. तिनं ती जरा जास्तच जोरात मळली.

त्यानंतरचे तीन दिवस मी कुठंच धड नव्हतो. पहिल्या रात्रीची मुदत संपली. काकांच्या फोटोत ती ओळ करडी झाली. आता दोनच ओळी राहिल्या. दुसऱ्या रात्रीची मुदत संपायच्या दिवशी मी दाजींबरोबर गंजगोलाईच्या बाजारात होतो, कांद्याच्या पोत्याचं एक टोक माझ्या हातात. फोन वाजला. पोतं सोडून दिलं, ते दाजींच्या पायावर.

“लागली,” काका म्हणाले. आवाज त्यांचाच चढला होता. “मधली रात्र. एकच. मोठी खोली, किचनवाली. पॉइंट कापले गेले, आता नको म्हणता येणार नाही बरं का.”

तिसरी रात्र दुसऱ्या दिवशी करडी झाली.

“एका रातीसाठी कोकणात?” दाजी पाय चोळत म्हणाले. “जाऊन-येऊन दोन रात्री बसमध्ये. हेलपाटा नुसता.”

“एक तर एक,” अक्का म्हणाली. “ताट हाय न्हवं? मग बसायचं.”

दुपारी दोनला खोलीची चावी मिळाली. अक्का आधी किचनमध्येच गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. तिनं कप्पे उघडले, ताटं मोजली. “चारच हायत,” म्हणाली. शेगडीची खुंटी फिरवून बघितली, बंद केली. मग आमची बॅग उचलून नेमकी शेगडीवर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. “झालं समाधान?”

पण तिला झोप काही येईना. पाठीला मऊ गादीची सवय नाही. मी हॉलमध्ये होतो, मला तिचं कूस बदलणं ऐकू येत होतं. पहाटे चारला ती मेसच्या सवयीनं उठलीच, आंघोळ केली आणि केस पुसत बाल्कनीत जाऊन बसली. मी पडल्या पडल्या मोजत होतो. चार, पाच, सहा. अकराला खोली सोडायची. आता राहिले पाच तास. एवढी रांग, एवढा आटापिटा, आणि ती तिथंही पहाटे चारला जागी.

नाश्त्याला तिनं उपमा चाखला, “मोहरी करपली,” म्हणाली, आणि परत वाढून घेतला. दाजी वाळूत फिरायला गेले. साडेनऊला खोलीत आल्यावर ती म्हणाली, “जरा पाठ टेकते.” मी पाणी घेऊन आलो तोवर ती झोपली होती. तोंड उघडं, एक हात गादीच्या बाहेर, अंगात बळ नसल्यासारखा. मी तिला दिवसाउजेडी झोपलेलं कधी बघितलं नव्हतं.

अकराला पाच मिनिटं असताना खोलीतला फोन वाजला. दुसरी रिंग व्हायच्या आत उचलला.

“सर, चेकआउटची वेळ झाली. पुढचे गेस्ट खाली बसलेत.”

“हो हो,” मी हळू आवाजात म्हणालो, “थोडं थांबायला सांगा त्यांना.”

असं बोलायची मला सवय नाही. खाली बसलेलं कुणीतरी माझ्यासारखंच दोन महिने फोन बघत आलेलं असेल, तेही कळत होतं. मी बाहेर आलो, दार हलकं ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो. तेवढ्यात चादरींची गाडी ढकलत खोल्या आवरणाऱ्या बाई आल्या. अक्काच्याच वयाच्या असतील.

“आत कोण आहे?”

“बहीण झोपलीय.”

“बरं नाही का?”

“न्हाई, बरी आहे. झोपलीय नुसती.”

त्यांनी हातातला खोल्यांचा कागद बघितला, एकदा माझ्याकडं बघितलं. मग गाडी फिरवली.

“आज मी त्या टोकाकडून सुरू करते,” त्या म्हणाल्या. “इथं यायला पाऊण तास लागेल मला.”

मी हात जोडले. गाडीची चाकं लांब जाईपर्यंत ऐकली. मोबाईल काढून वेळ बघितली, खिशात ठेवला. मग परत काढला.