याकूबचाचांच्या घराची जागा

दुकानात नको असलेला माल कसा साठतो हे मला पक्कं ठाऊक आहे. गंजलेल्या बिजागऱ्या, अर्धे वाळलेले रंगाचे डबे, जोडी हरवलेला गमबूट. दरवर्षी ईदच्या आधी साफसफाईत मी ते सगळं काढून टाकतो. किस्स्यांचं तसं होत नाही. ते कोणी विकत घेत नाही, कोणी उचलून नेत नाही आणि फळीवर जागाही अडवत नाहीत, म्हणून टाकायची वेळच येत नाही. एकट्या याकूबचाचांच्या घराचेच माझ्याकडे इतके जमलेत की आज थोडे खाली उतरवतो.

रत्नागिरीत बंदराच्या रस्त्यावर माझं दुकान. दोर, जाळी, ताडपत्री, बोटीचा रंग, आणि पुढेपुढे सिमेंट-सळई. शिक्षण सातवी. बाकीचं शिकलो ते पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून. कागद फाडायच्या आधी वाचायची खोड. दुकानापुढे एक बाकडं आहे. गावात रेल्वे नुकती आली होती, त्या सुमाराला रोज संध्याकाळी तिथं तिघे बसायचे. कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झालेले लिमये सर, वर सड्यावर, कातळाच्या माळावर, आंब्याची बाग असलेले नाना, आणि माझ्या वडिलांचे दोस्त याकूबचाचा. चाचा जन्मभर मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. तिघांचा विषय एकच, हवा. रिक्षावाले आमच्या बाकड्याला 'वेधशाळा' म्हणायचे, आणि भलत्या वेळी पाऊस आला की शिव्याही आम्हालाच घालायचे.

*

एकदा सर पेपर घेऊन आले. जग तापतंय, बर्फ वितळतंय, समुद्र चढतोय, असं सगळं त्यात होतं.

"किती चढतो?" चाचांनी विचारलं.

"वर्षाला साधारण तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा."

चाचा पान लावत होते. त्यांचा हात थांबला नाही. "मास्तर, मी बोटीतून पिंक टाकली तरी समुद्र त्यापेक्षा जास्त चढतो."

सर त्या दिवशी चहा न पिता गेले. दुसऱ्या दिवशी मात्र ठरल्या वेळेला हजर, काखेत दुसरा पेपर.

*

इथपर्यंत सगळी चेष्टाच होती. मग सलीमच्या घराचं निघालं.

सलीम हा चाचांचा एकुलता एक मुलगा. कुवेतमध्ये एसी दुरुस्त करायचा. अर्धं कुवेत थंड करून आणि स्वतः उन्हात भाजून त्यानं एका घरापुरतं साठवलं होतं. एकाच घरापुरतं. ते बांधायचं कुठे, तर गावाकडे खाडीच्या तोंडाशी, चाचांच्या जुन्या मातीच्या घराला लागून, पाण्याच्या अगदी काठावर. सिमेंटची ऑर्डर अर्थात माझ्याकडे.

"अन्वरशेठ, तुम्ही गप्प कसे?" सर माझ्यावर उखडले. "त्या पोराची सगळी कमाई पाण्यात चाललीये."

"सर, सिमेंटवालाच 'घर बांधू नका' म्हणायला लागला तर लोक काय समजतील? सिमेंटात राख मिसळलीये, असंच ना?"

पण त्याच संध्याकाळी सर, नाना आणि मी, तिघांनी ठरवलं. चाचांचं घर होऊ द्यायचं, झकास होऊ द्यायचं, पण तिथं नाही. भांडायचं नाही आणि सोडायचंही नाही. 'मुंबईहून सिमेंटची गाडीच आली नाही,' असं मी चाचांना सांगायला सुरुवात केली, आणि पुढे काही वर्षं तेच सांगत राहिलो. चाचा माझ्या गोदामातल्या सिमेंटच्या गोण्यांवर बसून ते ऐकून घ्यायचे.

*

समुद्राकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पुनवेला आणि अमावास्येला उधाण, तेव्हा भरती वरपर्यंत चढते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी अर्ध्यातच थांबतं. सलीम सुट्टीवर आला तेव्हा चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला होते. पोरानं वाळूत ओली रेघ बघितली, तिच्यापासून चार पावलं मागे सरून घराच्या चार कोपऱ्यांना चार खुंट ठोकले आणि समाधानानं कुवेतला परत गेला. दिवस भांगाचे होते.

चाचा परत आले ते पुनव उलटल्यावर. माझ्या शेजारी एसटीडी बूथ होता. तिथं सलीमचा फोन आला. त्याचा आवाज बूथच्या बाहेर आम्हालाही ऐकू येत होता. "अब्बा, खुंट बघितलेत ना?"

"बघितले," चाचा म्हणाले. "एक खाडीत हाय, एक सुरूच्या बनात, आणि दोन पलीकडच्या गावात लागलेत. तुला घर कुठल्या गावात बांधायचं, ता सांग."

आम्हाला वाटलं, आता काम फत्ते. छे. "ही पोराची चूक, समुद्राची नाय," असं म्हणून चाचांनी पुढच्या उधाणाला स्वतः नवे खुंट ठोकले.

*

जुन्या घरापुढे चिऱ्यांचा एक बांध आहे आणि त्यात बोट बांधायची लोखंडी कडी. चाचांचे वडील म्हणायचे, पाणी कडीला टेकलं की उधाण पुरं झालं. पुढच्या पुनवेला सर आम्हा सगळ्यांना तिथं घेऊन गेले. भरती आली. पाणी कडीला टेकलं, आणि मग कडी दिसेनाशीच झाली. सरांचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा खुलला.

"दगड बसलाय," चाचा म्हणाले. "जुना बांध हाय. जमीन खचते."

सर पडले प्रामाणिक. म्हणाले, "तेही होऊ शकतं. तपासायला हवं." मी कपाळाला हात लावला.

मग मीच विचारलं, "चाचा, दगड बसला काय आणि पाणी चढलं काय, गादी कोणाची भिजणार?"

चाचांनी बराच विचार केला. "सलीमची. मी खाटेवर झोपतो."

*

नानांची तऱ्हा वेगळी. हापूसला मोहोर यायला थंडी लागते. त्या वर्षी थंडी आलीच नाही, आणि आलेला थोडका मोहोर अवकाळी पावसानं झोडपला. नुकसानीचा पंचनामा करायला एक साहेब आले. त्यांच्या कागदावर कारणांचे रकाने छापलेले होते. गारपीट, वादळ, कीड, आग.

"थंडी आली नाही, असं लिहा," नाना म्हणाले.

"तसा रकाना नाही."

"मग थंडी चोरीला गेली, असं लिहा."

"चोरी असेल तर आमच्याकडे कशाला? पोलिसात जा."

नाना पोलिसात गेले नाहीत. पण बागेच्या कडेला कातळाला लागून काही कलमं होती, ती दोन उन्हाळ्यांत वाळून गेली आणि तो तुकडा मोकळा पडला. जागा उंच, पक्की, रस्त्याला लागून. नाना एका संध्याकाळी बाकड्यावर म्हणाले, "याकूबभाई, सलीमचं घर तिथं बांधा. मलाही शेजार होईल."

"कातळावर? नाना, थय तर सापसुद्धा पावणा म्हणून येत नाय."

"येतात की," नाना म्हणाले. "ओळख झाली की येतात."

चाचांनी त्या दिवशी विषय बदलला. आम्ही दुसऱ्या दिवशी परत काढला.

*

मग सरांनी चाचांच्या गावातल्या शाळेत व्याख्यान ठेवलं. स्लाइड दाखवायचं मशीन आणलं होतं, पण लोडशेडिंग. सर डगमगले नाहीत. मे महिन्याची दुपार, आणि त्यांनी चाचांना पुढे बोलावून खुर्चीत बसवलं आणि अंगावर जाड गोधडी घातली, डोक्यासकट.

"ही पृथ्वी," सर म्हणाले. "आणि ही गोधडी म्हणजे कारखान्यांचा, गाड्यांचा, कोळशाचा वायू. उन्हाची ऊब येते, पण बाहेर जायला अडते."

बायकांच्या रांगेतून चाचीनं विचारलं, "ही गोधडी घातली कोणी?"

"थोडीथोडी सगळ्यांनीच. पण जाड थर श्रीमंत देशांचा."

"मंग त्यांनीच काढायची."

"ते म्हणतात, सगळ्यांनी मिळून काढूया. पहिला हात कोणी लावायचा, यावर परिषदा चालल्यात."

"आणि तोवर ती आमच्या अंगावर?"

तेवढ्यात गोधडीच्या आतून आवाज आला, "परिषद मागाहून करा. आधी मला भायेर काढा."

*

व्याख्यानानं काही हललं नाही, तेव्हा मी दुकानातला बोटीचा लाल रंग दिला. दर मोठ्या उधाणाला पाणी जिथवर येईल तिथं बांधावर रेघ मारायची. रेघ चाचाच मारायचे, दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी रेघ आदल्या वर्षीपेक्षा खाली आली. चाचा पेढ्यांचा पुडा घेऊनच दुकानात शिरले.

"समुद्र उतरला," ते म्हणाले. "मास्तर, तोंड गोड करा."

सरांनी वारा, चंद्र, सरासरी असं बरंच समजावलं. तीन वर्षांच्या रेघांनी काहीच सिद्ध होत नाही, वर जाणाऱ्यांनी नाही आणि खाली येणाऱ्यांनीही नाही. बापाच्या काळापासूनचं बघावं लागतं, असं म्हणाले. चाचा म्हणाले, "पेढा घ्या."

मला सरासरी कळायला वेळ लागतो, पण भाव कळतो. "चाचा, काल बंदरावर पापलेटचा भाव पडला ना?"

"पडला."

"मग तुमच्या लहानपणापेक्षा पापलेट स्वस्त झालं म्हणायचं?"

चाचांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. "तुझा बाप पण असाच बोलायचा," ते म्हणाले. "त्याच्याशीही मी कधी जिंकलो नाय."

*

नंतरच्या एका पावसाळ्यात अमावास्येचं उधाण, वारा आणि मुसळधार पाऊस, तिघे एकाच दिवशी आले. पाणी चाचांच्या जुन्या घरात चुलीपर्यंत गेलं. चाची कोंबड्या घेऊन माळ्यावर चढून बसली. कोणाला काही झालं नाही. नवे खुंट गेले, त्यांची चौकशी या वेळी कोणी केली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी चाचा बाकड्यावर येऊन बसले. पान काढलं नाही. सरांनी बोलायला तोंड उघडलं, तसा मी त्यांचा पाय माझ्या पायाखाली दाबला.

"नाना," शेवटी चाचा म्हणाले, "तुझ्या त्या कातळावर विहीर लागेल?"

"खोल खणावी लागेल."

"खणू."

सर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "शेठ, आता पाय काढा."

मुंबईहून सिमेंटची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच आली.

*

आता अडून बसला सलीम. फोनवर म्हणाला, सी-व्ह्यूसाठी तर एवढी वर्षं परदेशात काढली, आणि घर कातळावर? सगळे दोस्त हसतील. दोन महिने बापलेकांचं हेच चाललं होतं. चाचांनी त्याला ना तांदळाचा दाणा सांगितला, ना गोधडी.

"समुद्र बघायचा तर खाली मशिदीत जाताना बघ," ते म्हणाले. "त्या निमित्तानं पाच वेळा नमाज तरी होईल."

त्यानंतर सलीमनं कातळावरच्या घराचा नकाशा पाठवला.

*

घर झालं. जांभ्या चिऱ्यांचं, ऐसपैस, पुढे पडवी. विहिरीला पाणी लागलं, उशिरा लागलं पण गोड लागलं. सलीम बायकामुलांना घेऊन आला. राहायला जायच्या दिवशी कुराणखानी होती आणि दुपारी सगळ्यांना जेवण. चाचा सकाळीच दुकानात आले आणि माझ्याकडे होता त्यातला सगळ्यात लांब, जाड दोर मागितला. आज कशाला, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं.

दुपारी सर, नाना आणि मी वर गेलो. मंडळी जेवायला बसत होती. चाचा मात्र बाहेर, पडवीच्या खांबापाशी उकिडवे बसलेले. बोटीचा जुना लोखंडी नांगर त्यांनी टेम्पोत घालून वर आणला होता. नवा दोर नांगराच्या कडीत ओवून त्याचं दुसरं टोक ते खांबाला बांधत होते, तांडेलाची गाठ मारून, सावकाश.

नाना हसायला लागले. "अहो याकूबभाई, नांगर इथं कशाला? समुद्र राहिला खाली. इथून तर दिसतसुद्धा नाही."

चाचांनी गाठ ओढली. खांबाला पाय लावून पुन्हा एकदा ओढून बघितली.

"आज नाय दिसत," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.